मापांची वही

आत्याच्या पित्ताशयातून निघालेले खडे बरेच महिने बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होते. पूर्वी कॅमेऱ्याचा रोल ज्या काळ्या डबीत यायचा, तसल्या डबीत. सतरा खडे. काही तुरीच्या दाण्याएवढे, दोन-तीन चिंचोक्याएवढे, पिवळट तपकिरी, एकमेकांवर घासून कडा सपाट झालेले. दवाखान्यातून घरी सोडताना ती डबी दादाच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, हातात दिली गेली होती आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली जायची. काका, म्हणजे आत्याचे यजमान, झाकण उघडून खडे तळहातावर ओतत. "एवढं सगळं पोटात घेऊन ही चैत्रात पन्नास बायकांचं हळदीकुंकू करत होती," म्हणत. त्यात कौतुक असायचं, आणि सुटल्याचा आनंदही. दुखण्याचं मूळ हातात आलं होतं, मोजून झालं होतं, डबीत बंद झालं होतं.

ज्या पिशवीतून ते खडे निघाले, तिचं पुढे काय झालं हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

आत्या मूळची गिरगावातली. १९७३ साली लग्न होऊन काशीला गेली. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा घाट या भागातल्या गल्ल्यांत मराठी घरं पेशवाईपासून आहेत. तिथल्याच एका जुन्या वाड्यात तिचं सासर. त्या घरात पुरणपोळी व्हायची आणि सकाळी कोपऱ्यावरून कचौडी-जिलेबीही यायची. फोडणी मात्र सरसोंच्या तेलाची. पहिल्या वर्षी त्या तेलाच्या वासाने तिला मळमळायचं. पुढे पुढे ती माहेरपणाला आली की आमच्याकडची शेंगदाणा तेलातली भाजी तिला बेचव लागू लागली.

दुपारची जेवणं उरकली की ती शिलाईयंत्रावर बसायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि परकर तिच्याकडे. गळ्यात कायम मापाची टेप, आणि यंत्राच्या खणात एक लांबट वही. लहानपणी सुट्टीत गेले की मला त्या वहीत मापं लिहायचं काम मिळे. ती टेप धरून आकडा बोलायची, मी लिहायची. अर्धा इंच कसा लिहायचा हे तिनेच शिकवलं: आकड्यापुढे दोन उभ्या रेघा.

तिच्या दुखण्याचं नाव आमच्या घरात वर्षानुवर्षं 'पित्त' असं होतं. मराठीत हा शब्द फारच मोकळा सुटलेला आहे. डोकं ठणकलं, पित्त झालं. मळमळलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त उठलं. सासरे चिडले, त्यांचं पित्त खवळलं. जागरण, चहा, उपवास, ऊन, प्रवास, सगळ्यांचा शेवट पित्तात. आणि जी पिशवी शरीरात खरोखर पित्त साठवते तिचं नाव शाळेच्या पुस्तकातून बाहेर आलं ते थेट सोनोग्राफीच्या कागदावर. आत्याचं दुखणं उजव्या बरगडीखालून निघायचं, पाठीत जायचं आणि उजव्या खांद्याखाली चमक मारायची. बहुतेकदा रात्री, लग्नकार्याच्या जेवणानंतर. दोन-तीन तास राहायचं आणि आपोआप ओसरायचं. ती आमसुलाचं पाणी प्यायची, मोरावळा खायची, धने-जिरे भिजत घालायची. "अगं, पित्तच ते. जागरण झालं ना चार दिवस." ओसरलं की तिला वाटायचं आमसुलाने गुण दिला. पित्ताशयाच्या कळेचा स्वभावच असा, की ती येते, कळस गाठते आणि निघून जाते. ज्या उपायाच्या वेळी ती जाते, त्या उपायाला श्रेय मिळतं.

१९९८ मध्ये तिची सोनोग्राफी झाली होती, दुसऱ्याच कशासाठी. खडे तेव्हाच दिसले होते. त्याच कागदपत्रांत रक्ताच्या तपासणीवर कुणीतरी पेनाने साखरेच्या आकड्याभोवती गोल केलेला आहे. 'बॉर्डरवर आहे, गोड कमी करा.' गोल बघून आम्ही काय केलं? काही नाही. बॉर्डरवर असणं म्हणजे अजून अलीकडेच असणं, असा आमचा समज.

२०११ च्या उन्हाळ्यात दुखणं इतकं वाढलं की ऑपरेशन करावंच लागलं. एका छोट्या खासगी दवाखान्यात, दुर्बिणीने. तीन दिवसांत घरी. दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया आज गावोगाव होते, पण आपल्या देशात तिची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. मोठा छेद नाही, महिनाभराची विश्रांती नाही. आत्या पंधराव्या दिवशी यंत्रावर बसली. डबी कपाटात गेली.

आठ महिन्यांनी तिचे डोळे पिवळे दिसू लागले. अंगाला खाज, लघवी गडद, वजन उतरलेलं, पण दुखत मात्र नव्हतं. न दुखणारी कावीळ ही घाबरण्याची गोष्ट आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तीन आठवडे कावीळ उतरवण्यात गेले, उसाच्या रसात आणि कुणाकुणाच्या झाडपाल्यात. मग स्कॅन झाला आणि दादा तिला महानगरी एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन आला. डोंबिवलीला आमच्याकडे उतरली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी फाईल उलटून पहिला प्रश्न विचारला, "पित्ताशय काढलं तेव्हाचा बायोप्सीचा रिपोर्ट?"

आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं, बिलं होती, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. तो कागद नव्हता. दादा पिशवीत शोधत राहिला. काकांनी खिशातून ती काळी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. डबी ते बरोबर घेऊन आले होते, याचा आम्हालाही पत्ता नव्हता. डॉक्टरांनी डबीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काका, खडे नाही, पिशवी तपासायला हवी होती."

ते वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे, आणि इथेही मला ते जोरात सांगायचं आहे. खड्यांसाठी म्हणून काढलेल्या काही शेकडा पित्ताशयांत एखादं असं निघतं, की ज्याच्या आतल्या अस्तरात कर्करोग असतो आणि तो ऑपरेशनच्या आधी कुणालाही दिसलेला नसतो. पिशवी प्रयोगशाळेत गेली तरच तो कळतो. रोग अगदी आतल्या थरातच असेल तर नुसती पिशवी काढण्यानेही माणूस बरा होतो. थोडा खोल गेला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि लसीकाग्रंथी काढण्याचं दुसरं ऑपरेशन वेळेवर करता येतं. पित्ताशयाची भिंत पातळ असते. आतड्याच्या भिंतीत जो मधला आधाराचा थर असतो तो हिच्यात नसतो, आणि यकृताला चिकटलेल्या बाजूला तर बाहेरचं आवरणही नसतं. म्हणून इथला रोग पसरायला फार वेळ घेत नाही. तुमच्या घरात कुणाचं पित्ताशय काढलं तर खडे मागू नका. 'पिशवी तपासायला पाठवली का, रिपोर्ट कधी मिळेल?' एवढं विचारा.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जनने १८८२ मध्ये जगात पहिल्यांदा पित्ताशय काढून टाकलं. तोवर खडे तेवढे काढायचे, पिशवी ठेवायची अशी रीत होती. पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर पिशवी खडे बनवते म्हणून ती काढायची, असं त्याचं म्हणणं होतं. खड्याकडून पिशवीकडे बघायला त्याने शिकवलं त्याला एकशेतीस वर्षं होत आली होती, आणि आमचं घर अजून डबीत अडकलेलं होतं.

टाटाच्या त्या ओळीत बसून मी पहिल्यांदा हा रोग कुणाचा आहे ते पाहिलं. बलिया, छपरा, सिवान, गाझीपूर, गोरखपूर, पाटणा. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सोबत मुलगा किंवा दीर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म. आत्या त्यांच्याशी बनारसी हिंदीत बोलायची आणि मिनिटाभरात त्यांची होऊन जायची. "थैली में पथरी रही," असं एक बाई म्हणाली; दुसरीने मान हलवली; तिसरी म्हणाली, "हमरो." मराठी रुग्णही होते, पण या आजाराच्या बाकावर कमी. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेशापासून बिहार, बंगाल, आसामपर्यंत, पित्ताशयाचा कर्करोग दक्षिण भारताच्या कित्येक पटींनी आढळतो. आसामच्या कामरूप भागात तर जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. जगाच्या नकाशावर अशी मोजकीच ठिकाणं आहेत: चिली, बोलिव्हिया, उत्तर भारत, थोडं कोरिया-जपान. २०२२ मध्ये साऱ्या जगात या रोगाचे सुमारे १ लाख २२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू सुमारे ८९ हजार. पुरुषांपेक्षा बायकांत हा रोग दुप्पट-तिप्पट.

आत्या त्या भाद्रपदात गेली. काशीला परत न्या एवढंच तिने मागितलं होतं. नेलं.

यानंतर दहा वर्षं मी या विषयाकडे पाठ फिरवून होते. २०२२ मध्ये कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत माझी सोनोग्राफी झाली. यकृतावर चरबी, पहिल्या पायरीची. पित्ताशयात तीन-चार खडे, सर्वांत मोठा ७ मिलिमीटरचा. उपाशीपोटी साखर १०८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २१२; चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ४१. रक्तदाब ठीक. वजन ५६ किलो, उंची पाच फूट दोन इंच. मैत्रिणींनी कागद पाहून एकच गोष्ट सांगितली, "तू तर बारीक आहेस!"

मी सर्जन बाईंकडे गेले ती ऑपरेशनची तारीख घ्यायच्याच तयारीने. आत्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफीच्या फिल्म खिडकीकडे धरल्या. मग ड्रॉवरमधून टेप काढली आणि माझ्या कंबरेचं माप घेतलं. ८६ सेंटिमीटर. भारतीय बाईसाठी मर्यादा ८०, पुरुषासाठी ९०. "खडे आहेत, पण ते कागदाच्या खालच्या टोकाला आहेत," त्या म्हणाल्या. "वरून वाचा ना."

चयापचय हा शब्द मी तोवर परीक्षेपुरता पाठ केलेला होता. चय म्हणजे साठवणं, अपचय म्हणजे मोडणं; खाल्लेल्याचं शरीर काय करतं त्याचा सगळा हिशेब. १९८८ मध्ये जेरल्ड रीव्हन या अमेरिकी डॉक्टरने दाखवून दिलं की वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, चढलेली ट्रायग्लिसराइड, उतरलेलं एचडीएल ही वेगवेगळ्या घरची दुखणी नव्हेत. त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि साखर बरीच वर्षं 'बॉर्डरवर' राहते. कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर १०० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, बायकांत एचडीएल ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ च्या वर: या पाचांपैकी तीन असले की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझे चार होते. आणि मी बारीक होते.

पित्ताशयाशी याचा संबंध काय, हे बाईंनी मला तुपावरून समजावलं. यकृत दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पित्तरस बनवतं. पित्ताशय म्हणजे त्याच्या खाली लटकलेली, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी. तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतं, म्हणून ती पाणी शोषून घेते आणि पित्त दाट करून ठेवते. जेवणातलं तेलतूप आतड्यात पोचलं की निरोप जातो, पिशवी आकुंचन पावते आणि पित्त खाली उतरतं. पित्तात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं, पण मर्यादेतच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृत पित्तात जास्तीचं कोलेस्टेरॉल सोडतं, आणि पिशवीचं पिळणंही मंदावतं. म्हणजे माल जास्त आणि हालचाल कमी. कढवलेलं तूप न हलवता थंड होऊ दिलं की त्याला कणी पडते, तसंच हे. आधी गाळ, मग कणी, मग खडा. बायकांत इस्ट्रोजेन पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि गरोदरपणातलं प्रोजेस्टेरॉन पिशवीला सुस्त करतं. म्हणून प्रत्येक बाळंतपणाबरोबर खड्यांची शक्यता चढत जाते.

खडा वर्षानुवर्षं पिशवीच्या अस्तराला घासत राहतो, सूज येते, जाते, पुन्हा येते. अस्तरातल्या पेशी नव्याने भरून निघताना बदलत जातात, आणि फार थोड्या जणांत तो बदल हाताबाहेर जातो. साधारण पंधरा वर्षांचा हा प्रवास मानतात. आत्याच्या १९९८ च्या सोनोग्राफीपासून २०११ पर्यंत किती होतात, हे मी बाईंसमोर बसून बोटांवर मोजलं.

मोजून झाल्यावर मी विचारलं, "मग माझं काढून टाका ना." त्या नाही म्हणाल्या, आणि का ते सांगितलं. पित्ताशयाच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत खडे सापडतात हे खरं. पण खडे असलेल्यांपैकी बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. उलटीकडून वाचलं की तीच गोष्ट भीती होते. त्रास नसताना काढायचा विचार करावा अशी कारणं वेगळी आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, एक सेंटिमीटरहून मोठा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब), भिंतीत साठलेलं कॅल्शियम. तसलं माझ्यात काही नव्हतं. चिलीमध्ये २००६ पासून सरकारच हमी देतं, खड्यांचा त्रास असलेल्या ३५ ते ४९ वयाच्या माणसांचं पित्ताशय काढून देण्याची. तिथल्या मूळच्या मापुचे लोकांत हा रोग फार, म्हणून त्या देशाने तसं ठरवलं. गंगेच्या काठी काय करावं हा प्रश्न मला रास्त वाटतो, पण डोंबिवलीतल्या माझ्या ७ मिलिमीटरच्या खड्याला ते उत्तर लागू नव्हतं. वर्षाला एकदा सोनोग्राफी, आणि कळ आली तर लगेच.

घरी आले आणि त्याच दिवसापासून एकभुक्त राहायचं ठरवलं. तेल बंद, तूप बंद. आपल्याकडे बाईला शरीराची भीती वाटली की ती पहिल्यांदा जेवण सोडते. आठवड्याने फोनवर सांगितलं तर बाई जवळजवळ ओरडल्याच. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवलं तर खडे कमी होत नाहीत, नवे होतात. यकृत साठवणीतली चरबी मोडून पित्तात कोलेस्टेरॉल ओततं, आणि पोटात अन्नच नाही म्हणून पिशवी पिळली जात नाही. मला एकदम आत्याचे सोमवार, संकष्ट्या, एकादशा आठवल्या. सकाळी सगळ्यांचं करून, दुपारी तीनला साबुदाण्याची खिचडी, रात्री काही नाही. ते उपवास तिच्या श्रद्धेचे होते आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण घरातल्या सगळ्यांच्या पानांची वेळ सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं जेवण कुठल्याच वेळेला नसतं, याचं मला आता फार वाईट वाटतं.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पूर्वी खड्यांच्या रुग्णाचं एक सूत्र पाठ असे, इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या पाच शब्दांचं: गोरी, जाड, चाळिशीची, लेकुरवाळी, बाई. मला हे सूत्र मनापासून नकोसं वाटतं. ते बाईला दूषण देतं, आणि आपल्याकडे तर चुकवतंही. आत्या सावळी होती आणि हातापायाने काटकुळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयाबाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी तेवढी शाबूत. आईच्या पोटात मिळालेल्या टंचाईत शरीराने आधी चरबी राखली. मग तेच शरीर पुढे भरल्या ताटावर बसलं. वजनकाट्यावर बारीक आणि आतून जाड, हे आपलं घराणं आहे.

आता मला जिथे स्वतःशी थांबावं लागलं ती गोष्ट. चयापचयाचाच सारा दोष असता तर हा रोग गंगेकाठी कशाला बसला असता? २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे आले: देशात १० कोटींहून जास्त मधुमेही, १३ कोटींहून जास्त मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. सर्वांत कमी उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के. म्हणजे जिथे साखर जास्त तिथे हा कर्करोग विरळ, आणि जिथे साखर सर्वांत कमी तिथे टाटाच्या बाकांवरची अर्धी ओळ.

मी हा आकडा बरेच दिवस वागवला. लठ्ठपणाचा या रोगाशी संबंध पक्का आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जादा चरबीशी जोडलेल्या तेरा कर्करोगांत पित्ताशयाचं नाव घातलं. मधुमेह्यांतही धोका वाढलेला दिसतो. पण हा एकच धागा आहे. विषमज्वराचा जंतू पित्ताशयात, खड्यांच्या पाठीवर थर करून वर्षानुवर्षं लपून राहतो. आत्याला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुदतीचा ताप आला होता, एकवीस दिवसांचा. पाण्यातले जड धातू आहेत. सरसोंच्या तेलात मिसळल्या जाणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांवर बोट ठेवलं गेलं आहे. १९९८ मध्ये दिल्लीत त्या भेसळीने माणसं मेलीही होती, जलोदरासारख्या सुजेने. टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सातव्या गुणसूत्रावरच्या दोन जनुकांकडे निर्देश केला. त्यातलं एक यकृतातून पित्तात स्निग्ध द्रव्य सोडणारं दार बनवतं. कुठलं बोट खरं आणि किती खरं, यावर अजून काम चालू आहे.

म्हणून आत्याला हे 'का' झालं याचं उत्तर मी कुणाला देत नाही. तिच्या कंबरेने झालं असं तर कधीच म्हणणार नाही. पण एक काळजी मला सोडत नाही. त्याच पाहणीत उत्तर प्रदेशात एका मधुमेह्यामागे जवळजवळ चार जण उंबरठ्यावर उभे आहेत. जिथे पाणी, ताप, जनुकं यांनी ही पिशवी आधीच नाजूक करून ठेवली आहे, तिथे आता सुटलेलं पोट आणि सुस्त शरीरही येऊन पोचतं आहे. जन्माचं गाव बदलता येत नाही, येऊन गेलेला ताप पुसता येत नाही. या सगळ्या धाग्यांत हातात धरता येईल असा एकच आहे, आणि त्याला मोजायला टेप पुरते.

मी संध्याकाळी चालते. चार वेळा जेवते, वेळेवर. भाकरी आणि उसळ वाढवली, भात कमी केला, तूप चमचाभर घेते. दोन वर्षांत कंबर ८६ ची ८१ झाली, एचबीएवनसी ५.७. खडे आहेत तिथेच आहेत.

मागच्या मार्गशीर्षात काशीला गेले होते. वाड्याचा मागचा भाग उतरवायचा म्हणून दादा सामान काढत होता. शिलाईयंत्र कुणी तरी न्यायचं होतं, म्हणून वहिनींनी खण रिकामा केला आणि ती लांबट वही माझ्या मांडीवर टाकली. वाळवीने एक कोपरा खाल्लेला. वरच्या मजल्यावरच्या काकू, मिसराइन, समोरच्या घरातली नवी सून. छाती, कंबर, दंड, बाही, उंची. काही ओळी माझ्या लहानपणीच्या अक्षरातल्या. आणि दर चार-सहा वर्षांनी एका पानावर, नावाच्या जागी नुसतं 'मी'.

१९७६. कंबर २६, दंड ९॥.
१९८१, दादा झाल्यावर. कंबर २९, दंड ९॥.
१९८७, त्याच्या मुंजीच्या आधी. कंबर ३१॥, दंड १०.
१९९३. कंबर ३३, दंड १०.
२००४. कंबर ३५॥, दंड १०.

शिंप्याचं माप आणि डॉक्टरांचं माप एकाच जागी घेत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मी मोबाइलवर हिशेब केला. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. ती रेघ तिने स्वतःच्या हाताने १९८७ मध्ये लिहून ठेवली होती, परकराला कापड किती लागेल ते काढण्यासाठी. आणि दंड मात्र जवळजवळ तेवढाच. जो बघेल तो म्हणेल, बारीक आहे.

वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांचंही एक पान निघालं, लग्नाच्या वर्षीचं, आत्याच्या तिरक्या अक्षरात: 'सूनबाई, २००३, कंबर २८.' त्या थोडा वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मलाही हल्ली फार पित्त होतं."

"कुठे दुखतं?"

त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

सोनोग्राफीसाठी सकाळी उपाशीपोटी जायचं ठरवलं. दादाला सांगितलं, तो फोन करायला बाहेर गेला. खणात टेपही होती, कापडी, पिवळी पडलेली, तिचा पहिला इंच झिजून नाहीसा झालेला. आत्या नेहमी दोनाच्या आकड्यापासून धरायची आणि मग दोन वजा करायची. मीही तशीच धरली. वहिनी उभ्या राहिल्या, पदर बाजूला घेतला आणि ब्लाउजच्या मापाला बायका उभ्या राहतात तसा श्वास आत ओढून धरला.

"सोडा," मी म्हटलं. "श्वास सोडा, वहिनी. मग घेते."